मराठी लेआउटवर गेलं की विंडो मॅनेजरचे शॉर्टकट बंद पडतात: आयथ्री आणि स्वे

नारायणपेठी_डीटीपी
नमस्कार मंडळी. नारायण पेठेतल्या आमच्या जुळणी आणि मुद्रितशोधनाच्या कार्यालयात सहा मशिनं डेबियन १२ लिनक्सवर आहेत. चारांवर आयथ्री, दोनांवर स्वे (दोन्ही कीबोर्डाने खिडक्या मांडणारे विंडो मॅनेजर: आयथ्री एक्स या पडदा-यंत्रणेवर चालतं, स्वे वेलँडवर). काम अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत, त्यामुळे लेआउट सतत बदलावा लागतो. अडचणी अशा:

१) स्वेवर मराठी लेआउट चालू असताना मॉड+डी, मॉड+शिफ्ट+क्यू, मॉड+१ यांतलं काहीच चालत नाही (मॉड म्हणजे विंडो मॅनेजरचे शॉर्टकट देताना धरायचं बटण). मॉड+रिटर्न आणि बाण मात्र चालतात.
२) आयथ्रीच्या तीन मशिनांवर दोन्ही लेआउटमध्ये सगळे शॉर्टकट चालतात. चौथ्यावर इंग्रजीतसुद्धा मॉड+डी दाबून काही होत नाही. कॉन्फिग चारही ठिकाणी अक्षरशः तीच आहे.
३) मॉड म्हणजे आमच्याकडे ऑल्ट, आणि लेआउट बदलायला ऑल्ट+शिफ्ट. खिडकी सरकवायला मॉड+शिफ्ट+बाण दाबला की लेआउटही पलटतो.
४) यूएसबी कीबोर्ड काढून परत लावला की मराठी लेआउट गायब.

या धाग्यात कॉन्फिगमधले शब्द देवनागरीत लिहू या, फाइलमध्ये ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीत जातील.

मॉडफोर
पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे, त्यामुळे एकत्र सांगतो.

बटणाला दोन ओळखी असतात. एक जागेची, म्हणजे कीकोड. दुसरी त्या घटकेला त्या जागेवर असलेल्या चिन्हाची, म्हणजे कीसिम. इंग्रजी डी जिथे आहे त्या बटणाचा एक्समधला कीकोड ४० (कर्नलचा आकडा ३२, एक्स त्यात ८ मिळवतं). इंग्रजी लेआउटवर ४० चं कीसिम 'डी'. इन्स्क्रिप्टवर त्याच जागी हलन्त आहे, म्हणून कीसिम यू०९४डी. आयथ्रीच्या मशिनवर टर्मिनलमध्ये एक्सईव्ही चालवून तेच बटण दोन्ही लेआउटमध्ये दाबा: कीकोड तोच राहील, कीसिम बदलेल. स्वेवर याच कामाला डब्ल्यूईव्ही वापरा. रिटर्न आणि बाणांची चिन्हं कुठल्याच लेआउटमध्ये बदलत नाहीत, म्हणून ते तुमच्याकडे चालत राहिले. आकड्यांच्या ओळीवर मराठी लेआउटमध्ये देवनागरी अंक येतात, म्हणून मॉड+१ सुद्धा गेलं.

स्वेमधली साधी बाइंडसिम ओळ चालू लेआउटचं कीसिम बघते. मराठीत 'डी' हे चिन्हच उमटत नाही, त्यामुळे ओळ जुळत नाही. आयथ्री वेगळं वागतं. कॉन्फिग वाचताना ते प्रत्येक कीसिमसाठी पहिल्या गटात, म्हणजे पहिल्या लेआउटमध्ये, कीकोड शोधून ठेवतं आणि पुढे तो कीकोड सगळ्या लेआउटमध्ये लागू धरतं. म्हणून तीन मशिनांवर तुम्हाला काही जाणवलं नाही.

चौथ्या मशिनवर हे चालवा:

सेटएक्सकेबीमॅप -क्वेरी

माझा अंदाज, लेआउटची ओळ 'आयएन,यूएस' अशी निघेल. मराठी पहिलं असेल तर आयथ्री 'डी' हे चिन्ह इन्स्क्रिप्टमध्ये शोधतं, ते तिथे नाही, आणि त्या ओळीला कुठलंच बटण मिळत नाही. मग पुढे तुम्ही कितीही वेळा इंग्रजीवर या, उपयोग नाही. क्रम 'यूएस,आयएन' करा आणि आयथ्री रिलोड करा.

स्वेसाठी प्रत्येक ओळीत --टू-कोड घालायचं. हा ध्वज लावला की स्वेसुद्धा नोंदवलेल्या पहिल्या लेआउटवरून कीकोड काढतं, म्हणजे इथेही इंग्रजी पहिलं हवंच:

बाइंडसिम --टू-कोड $मॉड+डी एक्झेक $मेनू

सत्तर ओळींत हे लिहीत बसायची गरज नाही, महिरपी कंस चालतो:

बाइंडसिम --टू-कोड {
  $मॉड+डी एक्झेक $मेनू
  $मॉड+शिफ्ट+क्यू किल
  $मॉड+१ वर्कस्पेस नंबर १
}

दगडी_प्रॉम्प्ट
एवढा खटाटोप कशाला? सगळीकडे बाइंडकोड लिहा, लेआउटचा प्रश्नच मिटला. डी म्हणजे ४०, क्यू म्हणजे २४, रिटर्न ३६. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, लिनक्सवर हे आकडे तेच राहतात.

मॉडफोर
आकडे तेच राहतात हे बरोबर. पण सहा महिन्यांनी कार्यालयातला दुसरा कोणी फाइल उघडून 'बाइंडकोड $मॉड+४४' वाचेल तेव्हा ते 'जे' अक्षराचं बटण आहे हे त्याला कळणार नाही. --टू-कोड नेमकं हेच काम करतं आणि फाइल वाचता येण्याजोगी ठेवते. कारण नसताना बाइंडकोड नको.

कारण असतं अशी जागा मात्र आहे, आणि डीटीपीवाल्यांना ती उपयोगी पडेल: उजवीकडचा अंकपट. तिथलं १ चं बटण नमलॉक चालू असताना केपी_१ असतं आणि बंद असताना केपी_एंड. बाइंडसिमने दोन्ही पकडायला दोन ओळी लागतात. बाइंडकोडला नमलॉकशी देणंघेणं नाही. अंकपटाचे कीकोड असे: वरची ओळ ७, ८, ९ म्हणजे ७९, ८०, ८१. मधली ४, ५, ६ म्हणजे ८३, ८४, ८५. खालची १, २, ३ म्हणजे ८७, ८८, ८९. शून्य ९०. मधले ८२ आणि ८६ हे वजा आणि अधिक.

बाइंडकोड $मॉड+८७ वर्कस्पेस नंबर १
बाइंडकोड $मॉड+८८ वर्कस्पेस नंबर २

स्वेवर याच्याही पुढे जाता येतं. पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटा यूएसबी अंकपट मिळतो. तो लावून स्वेएमएसजी -टी गेट_इनपुट्स चालवा, त्याची ओळख मिळेल, आणि --इनपुट-डिव्हाइस= पुढे ती लिहिली की ती ओळ फक्त त्याच अंकपटाला लागू होते. मग मॉडसुद्धा दाबावा लागत नाही, एका बटणावर एक वर्कस्पेस. मुख्य कीबोर्डावरचा अंकपट आकडे टाइप करायला मोकळा राहतो. आयथ्रीमध्ये ही सोय नाही.

इन्स्क्रिप्टताई
तिसऱ्या अडचणीबद्दल. ऑल्ट हा मॉड ठेवूच नका, आणि कारण फक्त ऑल्ट+शिफ्ट नाही. फायरफॉक्समध्ये ऑल्ट+१ ते ८ टॅब बदलतात. इंकस्केपमध्ये ऑल्ट धरून क्लिक केलं की खालची वस्तू निवडली जाते. आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये फ्लोटिंग_मॉडिफायर $मॉड अशी ओळ असते, ती मॉड धरून केलेलं माउसचं क्लिक स्वतःकडे घेते, त्यामुळे चित्रकामाच्या अर्ध्या युक्त्या तिथेच अडतात. शिवाय मराठी लेआउटमध्ये उजवा ऑल्ट तिसऱ्या पातळीची चिन्हं काढायला लागतो, म्हणजे ऑल्ट म्हणून तो हातात उरतच नाही. डाव्या ऑल्टवर मॉड आणि उजव्यावर नाही, असं अर्धवट वळण बोटांना लागतं.

सेट $मॉड मॉड४

मॉड४ म्हणजे सुपर, विंडोजच्या खुणेचं बटण. तुमच्या मशिनवर खरंच तसं आहे का ते एक्समॉडमॅप -पीएम दाखवेल.

आता लेआउट बदलण्याचं बटण. जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल हा पर्याय बटण दाबताक्षणी लागू होतो, सोडल्यावर नाही. म्हणून ऑल्ट+शिफ्ट+काहीही दाबायला गेलात की तिसऱ्या बटणाच्या आधीच लेआउट पलटलेला असतो. मॉड सुपरवर नेला तरी लिबरऑफिसमधले ऑल्ट+शिफ्टचे शॉर्टकट याच्यात अडकणार.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की पलटणारं बटणच वापरू नका. पलटणाऱ्या बटणाने आपण आत्ता कुठल्या लेआउटवर आहोत हे आधी आठवावं लागतं. दोन ठरलेली बटणं असावीत: एक नेहमी इंग्रजीवर नेणारं, दुसरं नेहमी मराठीवर. एक्सकेबीमध्ये, म्हणजे कीबोर्ड लेआउट सांभाळणाऱ्या यंत्रणेत, त्यासाठी तयार पर्याय आहे:

जीआरपी:शिफ्ट_कॅप्स_स्विच

कॅप्सलॉक दाबलं की पहिला लेआउट, शिफ्ट+कॅप्सलॉक दाबलं की शेवटचा. मोठ्या अक्षरांची कुलूपकळ जाते, ती हवी असेल तर शिफ्ट:बोथ_कॅप्सलॉक जोडा. मग दोन्ही शिफ्ट एकदम दाबून कॅप्सलॉक लागतो. स्वेवर हे विंडो मॅनेजरमधूनही करता येतं:

बाइंडसिम $मॉड+एफ१ इनपुट टाइप:कीबोर्ड एक्सकेबी_स्विच_लेआउट ०
बाइंडसिम $मॉड+एफ२ इनपुट टाइप:कीबोर्ड एक्सकेबी_स्विच_लेआउट १

मोजणी शून्यापासून. एफ१, एफ२ सगळ्या लेआउटमध्ये तेच असतात, म्हणून इथे --टू-कोड नसलं तरी चालतं.

नारायणपेठी_डीटीपी
मॉडफोर, चौथ्या मशिनवर खरंच 'आयएन,यूएस' होतं. क्रम बदलला, सगळं सुरू झालं. स्वेवरही --टू-कोडने काम झालं.

ताई, तुमचा पर्याय सेटएक्सकेबीमॅपने लावला, कॅप्सलॉकने लेआउट बदलतो आहे. पण ऑल्ट+शिफ्टनेही अजून पलटतोच आहे. आणि ओळीत व्हेरियंट मराठी लिहिलं की कीबोर्डाचं वर्णन लोड करता आलं नाही अशी चूक येते.

इन्स्क्रिप्टताई
दोन्ही सेटएक्सकेबीमॅपच्या खोडी आहेत.

-ऑप्शनने दिलेला पर्याय जुन्यांत भर घालतो, जुने पुसत नाही. आधी रिकामा -ऑप्शन '' द्यायचा, मग हवे ते:

सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,आयएन -व्हेरियंट ,मराठी -ऑप्शन '' -ऑप्शन जीआरपी:शिफ्ट_कॅप्स_स्विच -ऑप्शन जीआरपी_एलईडी:स्क्रोल

व्हेरियंटमध्ये मराठीच्या आधीचा स्वल्पविराम बघा. लेआउट दोन, म्हणून व्हेरियंटही दोन, आणि पहिला रिकामा. स्वल्पविराम नसेल तर मराठी हा व्हेरियंट अमेरिकन इंग्रजीला चिकटवायचा प्रयत्न होतो आणि तो अर्थातच सापडत नाही. तुमच्या मशिनवर कुठले व्हेरियंट आहेत ते /यूएसआर/शेअर/एक्स११/एक्सकेबी/रूल्स/बेस.एलएसटी या फाइलमध्ये मराठी शोधून बघा. सुधारित इन्स्क्रिप्टचं नाव 'मराठी', ध्वनीवर आधारलेल्या कगप मांडणीचं 'मार-कगप'.

शेवटचा पर्याय स्क्रोललॉकचा दिवा मराठीवर असताना पेटता ठेवतो. आयथ्रीच्या पट्टीला मजकूर पुरवणाऱ्या आयथ्रीस्टेटसमध्ये लेआउट दाखवायची सोय नाही, त्यामुळे मोठ्या कीबोर्डावर हा दिवा फार कामाचा आहे. स्वेवर वेबार ही पट्टी असेल तर त्यात स्वे/लँग्वेज हा भाग घाला.

आणखी एक. यूएसच्या ऐवजी पहिला लेआउटही आयएन घेऊन त्याचा व्हेरियंट ईएनजी ठेवा: लेआउट आयएन,आयएन आणि व्हेरियंट ईएनजी,मराठी. अक्षरं अमेरिकन इंग्रजीचीच राहतात, शॉर्टकटवर काही परिणाम नाही, आणि उजवा ऑल्ट+४ ने ₹ मिळतो. बिलं, दरपत्रकं जुळवणाऱ्यांनी हाच ठेवावा.

वारजे_वेलँड
स्वेवर सेटएक्सकेबीमॅप चालवू नका, त्याचा स्वेच्या कीबोर्डावर परिणाम होत नाही. तिथे सगळं कॉन्फिगमध्येच:

इनपुट टाइप:कीबोर्ड {
  एक्सकेबी_लेआउट आयएन,आयएन
  एक्सकेबी_व्हेरियंट ईएनजी,मराठी
  एक्सकेबी_ऑप्शन्स जीआरपी:शिफ्ट_कॅप्स_स्विच,जीआरपी_एलईडी:स्क्रोल
}

एकच खंड ठेवा. वेगवेगळ्या कीबोर्डांना वेगवेगळ्या क्रमाने लेआउट दिले तर --टू-कोड नेमका कुठला पहिला धरतो यावर डोकं खपवत बसाल.

खडकवासला_बॅश
चौथी अडचण राहिली. सेटएक्सकेबीमॅप त्या क्षणी लावलेल्या कीबोर्डांपुरतं काम करतं. नवा कीबोर्ड जोडला गेला की एक्स सर्व्हर त्याला यंत्रणेचा मूळ लेआउट देतो. म्हणून मूळ जागीच बदल करा. डेबियनवर ती जागा /ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड:

एक्सकेबीमॉडेल="पीसी१०५"
एक्सकेबीलेआउट="आयएन,आयएन"
एक्सकेबीव्हेरियंट="ईएनजी,मराठी"
एक्सकेबीऑप्शन्स="जीआरपी:शिफ्ट_कॅप्स_स्विच,जीआरपी_एलईडी:स्क्रोल"

डावीकडची नावं मोठ्या अक्षरांत. मग मशीन पुन्हा सुरू करा, किंवा:

सुडो युडेव्हएडीएम ट्रिगर --सबसिस्टिम-मॅच=इनपुट --ॲक्शन=चेंज

त्यानंतर आयथ्रीच्या कॉन्फिगमधली सेटएक्सकेबीमॅपची ओळ काढून टाका. दोन ठिकाणी दोन क्रम राहिले की चौथ्या मशिनसारखाच घोळ होतो. तिथेही बहुतेक हेच झालं असेल: डेबियन बसवताना मराठी आधी निवडलं गेलं.

मॉडफोर
ओळ ठेवायचीच असेल तर एक लक्षात घ्या. आयथ्रीमध्ये एक्झेक फक्त सुरुवातीला चालतं. एक्झेक_ऑल्वेज रिस्टार्टलाही चालतं, पण रिलोडला नाही. स्वेमध्ये एक्झेक_ऑल्वेज रिलोडला चालतं. दोन्ही मशिनांवर एकच फाइल फिरवणारे इथे नेहमी फसतात: ओळ बदलली, मॉड+शिफ्ट+सी दाबलं, काही बदललं नाही. आयथ्रीवर त्यासाठी मॉड+शिफ्ट+आर.

सिंहगडरोड_६४
माझ्याकडे लॅपटॉपवर आयबस हा भाषा-टंकनाचा प्रोग्रॅम आहे, त्यात एम१७एन संचातलं मराठी इन्स्क्रिप्ट-२. आयथ्रीचे शॉर्टकट मराठीतही चालतात. पण मॉड+स्पेस चालत नाही. तो तरंगत्या आणि मांडलेल्या खिडक्यांमध्ये जायला हवा ना?

इन्स्क्रिप्टताई
आयबसचं भाषा बदलण्याचं मूळ बटण सुपर+स्पेस आहे, आणि आयथ्रीत मॉड+स्पेस म्हणजे फोकस मोड_टॉगल. एक्सवर एक बटणजोडी एकाच प्रोग्रॅमला पकडता येते. आधी येईल तो पकडतो, दुसऱ्याला नकार मिळतो. आयबस-सेटअप उघडून पहिल्याच पानावर ती जोडी बदला.

तुमचे शॉर्टकट चालतात, कारण आयबस एक्सकेबीचा लेआउट बदलत नाही. बटणाचं कीसिम इंग्रजीच राहतं, आयबस त्याचं मराठी अक्षर नंतर करतं, आणि विंडो मॅनेजरचं काम त्याच्या आधीच उरकलेलं असतं. या दृष्टीने हा मार्ग सोपा आहे. आयट्रान्ससारखं रोमन वळणाचं टंकन हवं असेल तर आयबस किंवा त्याच्याच जातीचं एफसिटिक्सच लागतं, कारण अनेक बटणांचं मिळून एक अक्षर बनवणं एक्सकेबीला जमत नाही. इन्स्क्रिप्ट एका बटणाला एक चिन्ह देतं, म्हणून ते एक्सकेबीत नीट बसतं आणि मधे कुठला प्रोग्रॅम अडकत नाही.

दोन्ही एकाच वेळी मात्र नको. आयबस इंजिन बदलताना स्वतःचा एक्सकेबी लेआउट लावतं आणि तुमचे कॅप्सलॉकचे वगैरे पर्याय उडवतं. आयबस-सेटअपच्या ॲडव्हान्स्ड पानावर सिस्टिमचा कीबोर्ड लेआउट वापरा अशी खूण आहे, ती करून ठेवा. एफसिटिक्स-५ घेतलं तर त्याचं मूळ बटण कंट्रोल+स्पेस, आणि ते ईमॅक्स एडिटरमध्ये मजकूर निवडायला सुरुवात करण्याचं बटण आहे. तेही आधीच बदला.

दगडी_प्रॉम्प्ट
आणि विम एडिटरवाल्यांनो, वरचं सगळं विंडो मॅनेजरपुरतं आहे. मराठी एक्सकेबी लेआउटवर असताना विमच्या नॉर्मल मोडमध्ये 'जे' हे अक्षर दाबलंत तर विमला 'र' मिळणार, आणि ओळ खाली जाणार नाही. त्यावर विंडो मॅनेजरमधून इलाज नाही. ताईंनी सांगितलेलं ठरलेलं इंग्रजीचं बटण तिथे खरं उपयोगी पडतं: एस्केप आणि लगेच कॅप्सलॉक.

पाषाण_पिक्सेल
डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरवर काय करायचं? कॉन्फिग.डेफ.एच मध्ये ओळ बदलली, मेक केलं, काही फरक नाही.

दगडी_प्रॉम्प्ट
कॉन्फिग.एच आधीपासून तिथे आहे. मेक कॉन्फिग.डेफ.एच ची नक्कल फक्त कॉन्फिग.एच नसेल तेव्हाच करतं. बदल कॉन्फिग.एच मध्ये करा, सुडो मेक क्लीन इन्स्टॉल करा, डीडब्ल्यूएममधून बाहेर पडून परत या. लेआउटची काळजी नको: डीडब्ल्यूएम बटणाचं पहिल्या गटातलं कीसिम बघतं, इंग्रजी पहिलं ठेवलं की झालं.

नारायणपेठी_डीटीपी
आमचं मूळ काम मार्गी लागलं. आता सगळ्या मशिनांसाठी एकसारखे शॉर्टकट बसवतो आहे. तीन गोष्टी अडल्या आहेत. आयथ्रीवर प्रिंट बटणावर मेम -एस (पडद्याचं चित्र घेणारी आज्ञा) लावलं, तर कीबोर्ड पकडता आला नाही म्हणून बंद पडतं. टर्मिनलमधून तेच चालतं. दुसरं, काही शॉर्टकटनंतर माउसचा बाण मिनिटभर घड्याळासारखा फिरत राहतो. तिसरं, पडदा कुलूपबंद असताना आवाज कमी करता येत नाही.

मॉडफोर
पहिलं: शॉर्टकट बटण दाबताच सुटतो. बोट अजून बटणावर असतं तोवर कीबोर्ड आयथ्रीच्या ताब्यात असतो, आणि मेमला जागा निवडताना तो स्वतःकडे हवा असतो. बटण सोडल्यावर आज्ञा सुटेल असं करा:

बाइंडसिम --रिलीज प्रिंट एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी "मेम -एस ~/चित्र.पीएनजी"

पडद्याचं चित्र घेणारं इम्पोर्ट आणि आपोआप बटणं दाबणारं एक्सडूटूल यांनाही हेच लागू. एक्सडूटूलमध्ये वर --क्लिअरमॉडिफायर्स द्या, नाहीतर तुम्ही धरलेला सुपर त्याच्या बटणांत मिसळतो.

दुसऱ्याचं उत्तर याच ओळीत आहे. --नो-स्टार्टअप-आयडी नसेल तर आयथ्री त्या प्रोग्रॅमच्या 'मी सुरू झालो' या निरोपाची ६० सेकंद वाट बघतं आणि तोवर बाण घड्याळ राहतो. आवाज बदलणारं पीएसीटीएल, मेम, तुमच्या शेल स्क्रिप्ट असा निरोप कधीच देत नाहीत. खिडकी न उघडणाऱ्या प्रत्येक आज्ञेला हा ध्वज लावा. स्वेच्या मशिनांवर त्याची गरज नाही.

अवतरणचिन्हांची सवय लावून घ्या. आज्ञेत स्वल्पविराम किंवा अर्धविराम आला तर आयथ्री तिथे पुढची आयथ्री-आज्ञा सुरू झाली असं समजतं. दुहेरी अवतरणात घातलं की तो मजकूर शेलपर्यंत अखंड पोचतो.

वारजे_वेलँड
तिसरं स्वेवर सुटतं, आयथ्रीवर सुटत नाही. एक्सवर आयथ्रीलॉक सगळा कीबोर्ड स्वतःकडे घेतो, आयथ्रीपर्यंत बटण पोचतच नाही. स्वेवर कुलूप लावलेलं असतानाही बटणं स्वेकडेच येतात, फक्त कुठली चालू द्यायची ते तुम्ही सांगायचं:

बाइंडसिम --लॉक्ड एक्सएफ८६ऑडिओलोअरव्हॉल्यूम एक्झेक डब्ल्यूपीसीटीएल सेट-व्हॉल्यूम @डिफॉल्ट_ऑडिओ_सिंक@ ५%-
बाइंडसिम --लॉक्ड एक्सएफ८६ऑडिओरेझव्हॉल्यूम एक्झेक डब्ल्यूपीसीटीएल सेट-व्हॉल्यूम -एल १.० @डिफॉल्ट_ऑडिओ_सिंक@ ५%+

दुसऱ्या ओळीतलं -एल १.० आवाज शंभर टक्क्यांवर थांबवतं. पीएसीटीएलने +५% देत राहिलात तर तो शंभराच्याही वर चढत जातो आणि स्पीकर फाटके वाजू लागतात. --लॉक्ड फक्त आवाज, प्रकाश, गाणं थांबवणं एवढ्यालाच लावा. टर्मिनल उघडणाऱ्या ओळीला लावलंत तर कुलुपाला अर्थ राहत नाही.

दूरच्या मशिनवर किंवा व्हीएममध्ये काम करत असाल आणि स्वेचे शॉर्टकट अचानक बंद पडले तर ती बिघाडाची खूण समजू नका. असे प्रोग्रॅम सगळी बटणं आपल्याकडे मागून घेऊ शकतात. त्यातून बाहेर यायला एक ओळ --इनहिबिटेड लावून ठेवा, ती तेव्हाही चालते.

खडकवासला_बॅश
एकसारखी मांडणी बसवताय तर कमी वापराच्या गोष्टी मोडमध्ये टाका, म्हणजे सुपरच्या जोड्या संपत नाहीत. पुण्यात वीज गेली की यूपीएसवर जो थोडा वेळ मिळतो त्यात पटकन मशीन झोपवायला हा मोड बरा पडतो:

सेट $बंद बंद: (एल) कुलूप (एस) झोप (पी) पूर्ण बंद
मोड "$बंद" {
  बाइंडसिम एल एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी आयथ्रीलॉक, मोड "डिफॉल्ट"
  बाइंडसिम एस एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी सिस्टिमसीटीएल सस्पेंड, मोड "डिफॉल्ट"
  बाइंडसिम पी एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ
  बाइंडसिम एस्केप मोड "डिफॉल्ट"
}
बाइंडसिम $मॉड+झेड मोड "$बंद"

इथला स्वल्पविराम मुद्दाम आहे, आधी आज्ञा आणि मग मोडमधून बाहेर. मोडचं नाव पट्टीवर दिसतं, म्हणून कुठलं बटण काय करतं ते नावातच लिहिलं आहे. एस्केपची ओळ कधीही गाळू नका. मोडमध्ये असताना बाहेरचा एकही शॉर्टकट चालत नाही, मॉड+शिफ्ट+सी सुद्धा. अडकलात आणि टर्मिनल समोर उघडं असेल तर आयथ्री-एमएसजी मोड डिफॉल्ट.

इन्स्क्रिप्टताई
पूर्ण बंद करण्याचं बटण एकेरी अक्षरावर नको. मशीन झोपवायला आलेलं बोट घाईत चुकलं तर न साठवलेला मजकूर जाईल. शिफ्ट+पी करा.

खडकवासला_बॅश
मान्य, शिफ्ट+पी चांगलं.

नारायणपेठी_डीटीपी
हे सगळं घालून फाइल तयार केली. आयथ्री रिलोड केल्यावर वर लाल पट्टी येते. मॉड+एफची ओळ चुकीची म्हणते: 'बाइंडसिम $मॉड+एफ फुलस्क्रीन टॉगल # पूर्ण पडदा'. आणि मॉड+झेड दोनदा आहे म्हणते.

मॉडफोर
टीप ओळीच्या सुरुवातीलाच लिहायची. आयथ्रीमध्ये ओळीच्या शेवटी # चालत नाही, त्यापुढचा मजकूर आज्ञेचाच भाग धरला जातो. एक्झेकच्या ओळीत तेच # शेलकडे जातं आणि शेल ते टीप समजून सोडून देतं, त्यामुळे तिथे चूक लपून राहते आणि अशाच ओळीत ती पुढे येते.

दुहेरी मॉड+झेडपैकी एक तुमचीच जुनी असेल, फाइलमध्ये शोधा. स्वेवर अशी पुनरुक्ती झाली तर नंतरची ओळ आधीचीला झाकते आणि इशारा देते. मुद्दाम झाकायची असेल तर --नो-वॉर्न.

यापुढे रिलोडच्या आधी तपासणी करा: आयथ्री -मोठा सी, स्वेवर स्वे -मोठा सी. दोन्ही फाइल वाचून चुका सांगतात आणि चालू बैठकीला हात लावत नाहीत. ओळ बरोबर आहे पण बटण दाबून काही होत नाही, असं झालं तर आयथ्री-एमएसजी 'डीबगलॉग ऑन; शमलॉग ऑन; रिलोड' द्या, बटण दाबा आणि आयथ्री-डम्प-लॉग वाचा. त्याआधी एक्सईव्हीत तेच बटण दाबून बघा. खिडकीत काहीच उमटलं नाही तर ते दुसऱ्या कुणीतरी पकडलं आहे किंवा एफएनच्या करामतीमुळे कर्नलपर्यंत पोचतच नाही. पहिल्यात दोषी शोधा, दुसऱ्यात बायॉसमधली एफएनची सेटिंग.

नारायणपेठी_डीटीपी
आयथ्रीची चारही मशिनं आता नीट आहेत. स्वेवर एकच राहिलं: आयथ्रीलॉकच्या जागी स्वेलॉक घालून बंदचा मोड केला, सगळ्या ओळी --टू-कोडच्या कंसात आहेत, तरी मराठीत मॉड+झेडने मोड उघडतो आणि आतलं एस दाबून काही होत नाही.

वारजे_वेलँड
मोडच्या आतल्या ओळी त्या कंसात येत नाहीत, मोड हा स्वतंत्र खंड आहे. मराठीत एसच्या जागी एकाराची मात्रा आहे, म्हणून ओळ जुळत नाही. मोडच्या आत पुन्हा लिहा:

मोड "$बंद" {
  बाइंडसिम --टू-कोड {
    एल एक्झेक स्वेलॉक -एफ, मोड "डिफॉल्ट"
    एस एक्झेक सिस्टिमसीटीएल सस्पेंड, मोड "डिफॉल्ट"
    शिफ्ट+पी एक्झेक सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ
    एस्केप मोड "डिफॉल्ट"
  }
}

रिसाइज मोड मूळ कॉन्फिगमधून आलेला असेल, त्यातही एच-जे-के-एल साध्या बाइंडसिमनेच असतात. बाण तिथे मराठीतही चालतात म्हणून लक्षात येत नाही. तोही असाच बदला.

नारायणपेठी_डीटीपी
दोन्ही मोड बदलले, मराठीतही चालतात.